मदत हवी आहे: वापरलेल्या सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सवरील थर सूक्ष्मदर्शकाखाली कसे ओळखावेत?

नमस्कार. मी जळगावात पदव्युत्तर वर्गाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पासाठी आम्ही वापरून झालेल्या सॉफ्ट लेन्सवरील थर तपासत आहोत. साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाच्या कंडेन्सरखाली (प्रकाश नमुन्यावर एकवटणाऱ्या भिंगाखाली) काळ्या कागदाची चकती बसवून डार्क फील्ड (फक्त तिरका प्रकाश नमुन्यावर पाडण्याची पद्धत) साधले असता थर काळ्या पार्श्वभूमीवर उजळ दिसतात; मात्र खान्देशातल्या मे महिन्यात लेन्स स्लाइडवर पाहता पाहता सुकते आणि सलाइनमधील मिठाचे स्फटिकच थर म्हणून नोंदले जाण्याची भीती राहते.

खरी अडचण ओळखण्याची आहे. आयनिक (विद्युतभार असलेल्या) आणि जास्त पाणी धरणाऱ्या हायड्रोजेलवर, म्हणजे लेन्सच्या पाणी शोषणाऱ्या मऊ द्रव्यावर, अश्रूंतील लायसोझाइम हे प्रथिन प्रामुख्याने बसते, तर सिलिकॉन हायड्रोजेलवर स्निग्ध पदार्थ अधिक चिकटतात; परंतु प्रथिनांसाठी कूमासी ब्लू आणि स्निग्धांसाठी सुदान ब्लॅक वापरल्यास लेन्सचे द्रव्यही रंग शोषते. अशा वेळी त्याच जातीची कोरी लेन्स त्याच रंगात ठेवून केलेली तुलना पुरेशी मानावी का? जेली बम्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यांतील कॅल्शियमसाठी अलिझरिन रेड हा रंग कोणी वापरले आहे का?

सुमारे 14 मिलिमीटर व्यासाची वाटीसारखी लेन्स सपाट करण्यासाठी आम्ही कडेने चिरा देतो, तरी कव्हरस्लिपखाली घड्या पडतातच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी लेन्स निर्जल करावी लागते आणि त्यात थराचे रूप पालटते, म्हणून ओल्या लेन्सवर चालणारी पद्धत कृपया सुचवावी.