‘इष्टतम’ की ‘सर्वोत्तम’? तेलवाहू जहाजांच्या वेळापत्रकातले शब्द

प्रश्न (बॅलार्ड इस्टेटहून): आमच्या कार्यालयात तेलवाहू जहाजांचं वेळापत्रक आता गणिती प्रणाली आखून देते. कोणतं जहाज कधी निघेल, किती माल भरेल, कुठल्या धक्क्याला लागेल, सगळं. त्यावर मराठीत माहितीपत्रक लिहायला घेतलंय आणि ‘ऑप्टिमायझेशन’पाशी गाडी अडली. ‘इष्टतमीकरण’ हा शब्द वाचनात आलाय, पण ऑफिसात ‘सर्वोत्तम वेळापत्रक’ असंच म्हणू लागलेत. दोन्हींत खरंच फरक आहे का? आणि ‘कन्स्ट्रेंट’ला काय म्हणावं: मर्यादा, बंधन की निर्बंध?

दादरहून: ‘सर्वोत्तम’च ठेवा. वाचणाऱ्याला लगेच कळतो. ‘इष्टतमीकरण’ म्हणताना जीभ अडखळते.

चेंबूरहून: ताई, उच्चार जड आहे हे खरं, पण ‘सर्वोत्तम’ने अर्थच बदलतो. ‘तम’ आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे: मसावितला महत्तम, लसावितला लघुतम. इष्टतम म्हणजे सगळ्यांत जास्त हवं असलेलं. कोणाला हवं आणि कशासाठी हवं, हा प्रश्न या शब्दाच्या पोटातच आहे. ‘सर्वोत्तम’ म्हटलं की तो विचारायचं राहून जातं.

उदाहरण घ्या. समजा, आखातातल्या एका बंदरातून मुंबईला क्रूड, म्हणजे कच्चं तेल, आणायचंय आणि अंतर आहे 1,350 सागरी मैल. 13.5 नॉट वेगाने, म्हणजे तासाला 13.5 सागरी मैल, जहाज 100 तासांत पोचतं, 11.25 नॉटने 120 तासांत. इंजिनाचं तासाचं इंधन ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे तेवढंच अंतर कापायला लागणारं इंधन वर्गाच्या प्रमाणात. हिशेब केलात तर सावकाश आलेल्या जहाजाचं जवळजवळ 30 टक्के इंधन वाचतं. आता यातला ‘सर्वोत्तम’ वेग कोणता? सांगताच येत नाही. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाचा तेलाचा धक्का 120 व्या तासालाच रिकामा होणार असेल, तर घाईने येऊन नांगर टाकून बसण्यात काही अर्थ नाही, 11.25 बरा. पण माहुलच्या रिफायनरीत क्रूडच्या टाक्या तळाला लागल्या असतील, तर तेच 20 तास वाचलेल्या इंधनापेक्षा कितीतरी महाग पडतात. जहाज तेच, समुद्र तोच, इष्टतम मात्र वेगळं.

या गणिताचा तेलवाहू जहाजांशी संबंध जुना आहे. अर्थशास्त्रज्ञ कूपमन्स यांनी 1939 साली टँकरांच्या भाड्यांवर पुस्तक लिहिलं आणि दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनमध्ये बसून मालवाहू जहाजांच्या फेऱ्यांचा हिशेब केला. 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना आणि रशियाच्या कांटोरोविच यांना मिळालं ते साधनांच्या ‘इष्टतम वाटपा’च्या सिद्धांतासाठी. डँट्झिग आणि फुल्करसन या गणितज्ञांचा 1954 चा लेख तर थेट टँकरांवरच आहे. ठरलेल्या फेऱ्या कमीत कमी किती जहाजांत उरकतील, हा त्यांचा प्रश्न. तिथे ‘किमान’ आहे ते जहाजांच्या संख्येला, खर्चाला नाही. म्हणून नुसतं ‘इष्टतम वेळापत्रक’ असंही लिहू नका. ‘किमान खर्चाचं’, ‘किमान जहाजांचं’ असं विशेषण लागलंच पाहिजे.

आता ‘कन्स्ट्रेंट’. ‘निर्बंध’ सरकारी किंवा कायद्याचा. 1 जानेवारी 2020 पासून, धूर धुण्याची यंत्रणा नसलेल्या जहाजांच्या इंधनात गंधक 0.50 टक्क्यांच्या वर चालत नाही, हा निर्बंध. ‘मर्यादा’ म्हणजे आकडा, टाकीत अमुक इतकंच मावतं. गणितात या दोन्हींना सामावणारा शब्द ‘बंधन’, आणि मला तो मनापासून आवडतो, कारण मराठीत बंधन आवळतं आणि सैलही होतं. वेळापत्रक आखून झालं की काही बंधनं सैल पडलेली असतात, त्यांना हात लावून फरक पडत नाही. काही आवळलेली असतात, सगळी मेख तिथे.

जवाहर द्वीपाकडे येणाऱ्या भरलेल्या टँकरला बहुधा आवळतं ते पाण्याच्या खोलीचं बंधन. लाखभर टनांचा टँकर आणखी एक सेंटीमीटर बुडायला साधारण 90 टन माल लागतो. म्हणजे 10 सेंटीमीटर जादा पाणी मिळालं तर त्याच फेरीत 900 टन, साडेसहा हजार बॅरलच्या आसपास क्रूड जास्त येतं. बंधन एवढं सैल झाल्याने जो फायदा होतो, त्याला ‘छायामूल्य’ म्हणतात. हा शब्द माहितीपत्रकात जरूर घ्या. गाळ काढायला किती खर्च करावा, याचं उत्तर त्यातून निघतं.

उरणहून: पाण्याचं निघालंच आहे तर एक सांगतो. भरतीच्या पाण्यावर जहाज आत येऊ शकतं त्या वेळेला, म्हणजे ‘हाय टाइड विंडो’ला, कृपा करून ‘उच्च भरती खिडकी’ करू नका. आमच्याकडे उधाण आणि भांग हे शब्द रोजचे आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मोठ्या उधाणाला मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाते, भांगाला त्याहून मीटरभर तरी कमी. म्हणून तेच जहाज भांगाच्या दिवसांत कमी माल घेऊन यावं लागतं, नाहीतर उधाणाची वाट बघावी लागते. ‘भरतीची वेळ’ लिहा, ‘भांगाचे दिवस’ लिहा. धक्क्यावरच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

बॅलार्ड इस्टेटहून: फार उपयोग झाला. मग हे वाक्य चालेल का? ‘धक्क्याची उपलब्धता, भरतीची वेळ आणि टाक्यांतला साठा ही बंधनं पाळून प्रणाली इष्टतम वेळापत्रक तयार करते.’

चेंबूरहून: ‘इष्टतम’ऐवजी ‘किमान एकूण खर्चाचं’ घाला आणि खाली त्या खर्चात काय काय धरलंय ते लिहा: भाडं, इंधन, बंदराचं शुल्क, डेमरेज. वेळापत्रक पटलं नाही तर माणूस आधी ती यादी तपासेल, आणि तेच व्हायला हवं. ‘इष्टतमीकरण’ हा शब्द एकदाच, शीर्षकाखाली अर्थासह येऊ द्या.

दादरहून: एवढं वाचल्यावर ‘सर्वोत्तम’चा आग्रह सोडते. पण मग डेमरेजला ‘विलंबशुल्क’ का नको?

चेंबूरहून: ‘विलंबशुल्क’ वाचलं की वीजबिल उशिरा भरल्याचा दंड डोळ्यासमोर येतो. इथे माल चढवायला-उतरवायला करारात ठरलेल्या तासांपेक्षा जास्त वेळ लागला की जहाज भाड्याने घेणारा मालकाला पैसे देतो. जहाज अडवून ठेवल्याची ती भरपाई आहे. बंदरात सगळे ‘डेमरेज’च म्हणतात, तोच ठेवा.