उत्तर: एव्होरा लिस्बनहून एका दिवसात?

लिस्बनहून एका दिवसात पोर्तुगालमधलं एव्होरा हे जुनं शहर उरकतं हे खरंय, ट्रेनने दीड तासच तर आहे, पण मग तुम्ही फक्त रोमन मंदिर आणि ते माणसांच्या हाडांनी मढवलेलं चॅपेल (छोटं चर्च) बघून परत येणार, गर्दीतच. आम्ही रात्री राहिलो आणि सकाळी १६व्या शतकातल्या जलवाहिनीच्या कडेने चालत गेलो. गावात शिरताना ती बुटकी होत जाते आणि तिच्या कमानींमध्ये लोकांनी चक्क घरं बांधलीत! एका कमानीत दार, खिडकी, बाहेर दोरीवर टॉवेल वाळत घातलेले.

आणि जेवणाबद्दल आधीच्या उत्तरांत कुणी बोललंच नाही. आलेंतेजूत, म्हणजे एव्होराच्या प्रांतात, आसोर्दा म्हणून एक प्रकार मिळतो, शिळ्या पावावर लसूण, मीठ, ऑलिव्ह तेल आणि भरपूर कोथिंबीर वाटून त्यावर गरम पाणी, वरून अंडं. युरोपात इतकी कोथिंबीर बघून मी तर खूशच झालो, शिवाय आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलाय. एक मात्र, जवळचं मोंसाराझ हे डोंगरावरचं गावही करायचं असेल तर गाडी घ्याच, बसच्या भरवशावर राहू नका, आणि जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात नको, पारा चाळिशीला टेकतो.