‘मॉनिटरिंग’ला काय म्हणावं : देखरेख, निगराणी की जागल?

धरमपेठ :
कामावरच्या नव्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय. बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम) लिनक्स कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात चालतो, तो चालू असताना आत ‘टॉप’ हे टूल लावून मेमरी किती खातोय ते बघायचं. याला ‘देखरेख’ लिहिलं, पण खटकतंय. देखरेख करणारा कामात हात घालतो, चुकलं तर थांबवतो. ‘टॉप’ मेमरी भरत आली तरी नुसते आकडे दाखवतं. ‘पाळत’ला तर संशयाचा वास. काय लिहू?

महाल :
‘निगराणी’. फारसी ‘निगराँ’ म्हणजे बघणारा, त्यावरून. हिंदीच्या शेजारामुळे नागपुरात सगळ्यांना कळतो.

काटोल :
कळतो, पण पोलिसी वाटतो. आमच्याकडे जागल म्हणतात. हरभऱ्यात रानडुकरं शिरायला लागली की माणूस मचाणावर रात्र काढतो, ती जागल. आणि ती आपल्या वावराची असते, अख्ख्या शिवाराची नाही. टिपणात नेमकं हेच यायला हवं, कारण कंटेनरमधलं ‘टॉप’ शिवार दाखवतं. ते ‘/प्रोक/मेमइन्फो’ ही फाइल वाचतं, तिथं सगळ्या मशीनची मेमरी असते. कंटेनरचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, त्यात दिसतच नाही.

माझी एक रात्र यात गेली. कंटेनरला ४ जीबी, मशीन ६४ जीबीचं. ‘टॉप’मध्ये ४० जीबी मोकळी दिसली म्हणून ‘मेक -जे१६’, म्हणजे सोळा कामं एकदम चालवायची आज्ञा दिली. सोळा कंपायलर एकदम सुटले आणि थोड्या वेळात एकेक ‘किल्ड’. मी कोडमध्ये चूक शोधत बसलो. खरा हिशेब ‘/सिस/एफएस/सीग्रुप’मध्ये, म्हणजे कंटेनरच्या स्वतःच्या नोंदींत होता : ‘मेमरी.मॅक्स’मध्ये मर्यादा, ‘मेमरी.करंट’मध्ये वापर, आणि ‘मेमरी.इव्हेंट्स’मध्ये ‘ऊम_किल ३’, म्हणजे मेमरी संपली म्हणून तीन प्रोसेस मारल्या. ‘-जे४’ केलं, बिल्ड झाला.

महाल :
होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, ‘एलएक्ससीएफएस’ (कंटेनरला त्याचेच आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) बसवून त्याच्या फाइली कंटेनरमध्ये जोडल्या तर ‘टॉप’लाही आपलंच वावर दिसतं. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या टूलमध्ये हे आपोआप होत नाही, तेवढं लिहा. ‘जागल’ मान्य. पण क्रियापद?

काटोल :
माणूस जागलीला जातो. टूलला जागलीला बसवा म्हणा.

धरमपेठ :
‘जागल’ घेते. पुण्याकडच्या मुलांसाठी पहिल्याच ओळीत मचाण समजावून सांगीन. ‘देखरेख’ही ठेवते, पण कर्नेलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी : धुरा ओलांडला की प्रोसेस मारतं ते तेच.