सुआरेझ ‘संपला’ म्हणणाऱ्यांना उत्तर: २०२६ च्या नॅसकार करारांत कामगिरीचे मोल किती?

शार्लटकर

गेल्या आठवड्यात ‘आकडेमोड’ या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी डॅनियल सुआरेझ या नॅसकार चालकाबद्दल (नॅसकार म्हणजे अमेरिकेतील मोटार शर्यती) इथे लिहिले होते, ‘‘ज्याला गाडी मिळाली त्याने ती कमावली, ज्याची गेली त्याची कुवत तेवढीच होती. सुआरेझ संपला होता. ट्रॅकहाउसने त्याला मोकळे केले ते योग्यच झाले.’’ हे वाक्य चार दिवस मनात सलत राहिले, म्हणून सविस्तर लिहितो.

सुआरेझ हा ट्रॅकहाउस संघाचा पहिला चालक. २०२१ मध्ये जस्टिन मार्क्सचा हा नवा संघ कप या नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेत उतरला तेव्हा त्याच्याकडे एकच गाडी होती आणि ती याच माणसाच्या हाती होती. त्याच्या आदल्या वर्षी सुआरेझ इतक्या लहान संघात होता की डेटोना ५०० या सर्वांत मानाच्या शर्यतीसाठी त्याला पात्रही ठरता आले नव्हते. तिथून तो २०२२ मध्ये सोनोमाला जिंकला. मेक्सिकोत जन्मलेल्या चालकाचा कप मालिकेतील तो पहिला विजय, आणि त्या दिवशी त्याने टॅकोच्या आकाराची पिन्याता (मेक्सिकोत आनंदाच्या प्रसंगी फोडतात ती कागदी वस्तू) बुक्क्या मारून फोडली तेव्हा माझ्या घरात सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. २०२४ मध्ये अटलांटाला तीन गाड्या जवळजवळ एका रेषेत आल्या आणि तो रायन ब्लेनीच्या ०.००३ सेकंद पुढे राहिला. जून २०२५ मध्ये मेक्सिको सिटीत त्याने घरच्या प्रेक्षकांसमोर कपच्या एक पायरी खालच्या मालिकेची शर्यत जिंकली. त्यानंतर अडीच आठवडेही झाले नव्हते, तोच संघ आणि तो हंगामाअखेरीस वेगळे होणार असल्याची घोषणा झाली.

२०२६ च्या हंगामात तो स्पायर संघाची सात क्रमांकाची गाडी चालवणार. ती गाडी जस्टिन हेलीची होती. हेली त्याहून खालच्या ट्रक मालिकेत गेला. सुआरेझच्या जागी एकोणीस वर्षांचा कॉनर झिलिश आला. तो गुणी आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग कोरी हाइमचे काय? ट्रक मालिकेतील २५ पैकी १२ शर्यती त्याने २०२५ मध्ये जिंकल्या, विजेतेपदही घेतले, आणि २०२६ साठी त्याच्याकडे कप मालिकेची पूर्ण हंगामाची गाडी नाही. हाइम ज्या २३एक्सआय संघाशी जोडलेला आहे, त्याच संघाच्या तिसऱ्या गाडीत रायली हर्ब्स्ट कायम आहे, कारण त्याच्यामागे मॉन्स्टर एनर्जी हा प्रायोजक आहे. टाय गिब्सने २०२३ ते २०२५ असे कप मालिकेत तीन पूर्ण हंगाम काढले, त्यांत एकही शर्यत जिंकली नाही, आणि त्याच्या जागेबद्दल कोणी प्रश्नही विचारत नाही, कारण संघ त्याच्या आजोबांचा, जो गिब्स यांचा आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की चांगल्या कामगिरीमुळे लांब करार मिळतो हे अर्धेच खरे आहे; लांब करारामुळेही कामगिरी चांगली होते. विल्यम बायरनला २०२९ पर्यंतची हमी आहे, म्हणून तो शेवटच्या वीस फेऱ्यांत चौथे स्थान सांभाळून घरी जाऊ शकतो. ज्याचा करार नोव्हेंबरात संपतो त्याला तिथे नाक खुपसावेच लागते, आणि भिंतीला गाडी घासली की आपण म्हणतो, हा संपला.

आकडेमोड

माझे वाक्य कठोर होते, खोटे नव्हते. २०२५ मध्ये ट्रॅकहाउसच्या तिन्ही गाड्या एकाच कारखान्यातून निघत होत्या. शेन व्हॅन गिस्बर्गनने पाच शर्यती जिंकल्या, रॉस चॅस्टेनने शार्लटची सहाशे मैलांची शर्यत जिंकली, सुआरेझच्या नावावर कप मालिकेत शून्य विजय. त्याच वर्षी झिलिशने खालच्या मालिकेत दहा विजय मिळवले, तेही मध्यंतरी वॉटकिन्स ग्लेनला विजयाचा आनंद साजरा करताना गाडीवरून पडून कॉलरबोन मोडलेले असताना. संघमालकाने आणखी कशाची वाट पाहायची?

प्रत्येक शर्यतीत हमखास प्रवेश देणाऱ्या सनदी जागा, म्हणजे चार्टर, एकूण ३६ आहेत. हाइमला बसवायचे तर कोणाला तरी उठवावे लागेल, आणि ज्याला उठवाल त्याच्यासाठी तुम्ही असाच लेख लिहाल. टाय गिब्स २०२२ मध्ये खालच्या मालिकेचा विजेता होता हे तुम्ही सोयीने विसरलात. हर्ब्स्टनेही त्या मालिकेत शर्यती जिंकलेल्या आहेत.

चांगला चालक उघड्यावर पडत नाही. स्टुअर्ट-हास संघ २०२४ अखेर बंद झाला, चार चालक एकदम मोकळे झाले, आणि चौघांनाही कप मालिकेत जागा मिळाली. चेस ब्रिस्को जो गिब्सकडे गेला, २०२५ मध्ये तीन शर्यती जिंकून विजेतेपदासाठी उरलेल्या शेवटच्या चौघांत पोहोचला. जॉश बेरी वुड ब्रदर्सकडे गेला आणि मार्चमध्येच लास व्हेगास जिंकला. व्यवस्था एवढी आंधळी असती तर हे घडले नसते.

कोल्हापूरचे चाक

आकडेमोड साहेब, दहा विजय कुठून सुरू होतात ते मी जवळून पाहिले आहे. २००८ साली मी कोल्हापुरात कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, करत होतो. माझे टायर खाटेखाली पोत्यात गुंडाळलेले असायचे, कारण उन्हात रबर कडक होते असे मेकॅनिकने सांगितले होते, आणि नवा संच वर्षातून एकदाच मिळायचा. सरावात मी ज्या मुलाच्या चार-पाच दशांश पुढे असायचो, त्याच्याकडे प्रत्येक शर्यतीला कोरा संच असे. एका संघाने पुढच्या हंगामासाठी मला तोंडी शब्द दिला होता. पुढे जागा त्याला गेली, कारण त्याचे वडील टायरचा आणि प्रवासाचा खर्च उचलणार होते. माझ्या वडिलांनी त्या वर्षी विहिरीची मोटर बदलली होती; त्यांच्यापुढे हा विषय काढण्याचेही धाडस मला झाले नाही.

झिलिश लहानपणापासून युरोपात जाऊन कार्ट चालवत होता, आज त्याच्यामागे रेड बुल आहे. त्याचे कष्ट मी नाकारत नाही. पण ‘कमावले’ हा शब्द वापरताना पहिला हप्ता कोणी भरला तेही सांगावे.

नारायण कार्तिकेयनची गोष्ट आपल्यातले बरेच जण विसरले आहेत. २०१० मध्ये तो नॅसकारच्या ट्रक मालिकेत आला, मार्टिन्सव्हिलच्या त्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर पहिल्याच शर्यतीत तेरावा आला, आणि वर्षाअखेरीस चाहत्यांच्या मतांवर मालिकेतील सर्वांत लोकप्रिय चालक ठरला. मी स्वतः रोज मत देत होतो. पुढच्या वर्षी तो ट्रकमध्ये नव्हता. फॉर्म्युला वनमध्ये परतला. आपल्या मतांनी त्याला मान मिळाला, करार मिळाला नाही.

चौथे वळण

तुम्ही सगळे २०२५ च्या बाजारभावावर भांडत आहात. जानेवारी २०२६ मध्ये नियम बदलले, आणि त्याबरोबर करारांचा हिशेबही बदलणार आहे.

२०२५ पर्यंत नियमित हंगामात एक शर्यत जिंकली की प्लेऑफचे, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या अंतिम टप्प्याचे, दार उघडत असे. ऑगस्ट २०२४ मध्ये हॅरिसन बर्टन गुणतक्त्यात चौतिसावा होता, डेटोनाला जिंकला आणि थेट पहिल्या सोळांत गेला. तो वुड ब्रदर्सचा शंभरावा विजय होता, आणि तो मिळवून देणाऱ्याला संघाने पुढच्या वर्षी ठेवणार नसल्याचे त्याआधीच सांगून टाकले होते. आता तो आसरा गेला. २६ शर्यतींच्या गुणांवर पहिले सोळा निवडले जातील, मग दहा शर्यती, मध्ये कोणी बाद होणार नाही, आणि विजयाला ४० ऐवजी ५५ गुण. म्हणजे व्हॅन गिस्बर्गनचे पाच विजय पाहा: मेक्सिको, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लटचा रोव्हल (अंडाकृती ट्रॅकला आतली वळणे जोडून केलेला). एकही निव्वळ अंडाकृती ट्रॅकवर नाही. २०२६ मध्ये त्याला अंडाकृती ट्रॅकवर दर रविवारी पंधराव्याच्या आत यावे लागेल. उलट, न जिंकता सातत्याने आठवा-नववा येणाऱ्याचा भाव वाढेल.

हा बदल दहा वर्षे उशिरा आला. २०२० मध्ये केव्हिन हार्विकने नऊ शर्यती जिंकल्या आणि तो शेवटच्या चौघांतही नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिनिक्सच्या अंतिम शर्यतीत डेनी हॅमलिनने २०८ फेऱ्या आघाडी घेतली, तीन फेऱ्या उरल्या असताना बायरनचा टायर गेला, पिवळा झेंडा आला (म्हणजे सगळ्या गाड्या एकत्र आणून शर्यत पुन्हा सुरू करायची), आणि विजेतेपद काइल लार्सनकडे गेले. मी त्या रात्री दूरदर्शन बंद करून अंगणात जाऊन बसलो.

आकडेमोड

हॅमलिनने चार टायर घेतले, लार्सनने दोन. तो पिटमधला, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यावरचा, निर्णय होता. त्याचे खापर नियमांवर कशाला? लार्सननेही त्या वर्षी तीन शर्यती जिंकल्याच होत्या.

चौथे वळण

छत्तीस शर्यतींचा हंगाम दोन फेऱ्यांच्या फेरसुरुवातीवर ठरावा, हे तुम्हाला मान्य आहे का, एवढेच सांगा. आदल्याच दिवशी खालच्या मालिकेच्या अंतिम शर्यतीत दहा विजयांच्या झिलिशला त्याच ट्रॅकवर जेसी लव्हने मागे टाकले. लव्हचा वर्षातला तो दुसरा विजय. झिलिशची तुम्ही इतकी बाजू घेता, मग त्याच्यावर अन्याय झाला हे म्हणायला जीभ का रेटत नाही?

आकडेमोड

कारण नियम सर्वांना फेब्रुवारीत ठाऊक होते. खेळायला बसल्यावर पत्त्यांना दोष देणे मला पटत नाही, आणि माझ्या जिभेची चौकशी करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, हेही मला कळलेले नाही.

शार्लटकर

फिनिक्सवरून हातघाईवर येण्यापेक्षा मूळ मुद्द्याकडे या. ‘नियम सर्वांना ठाऊक होते’ हे वाक्य मी स्वतः ऐकलेले आहे. २०२३ मध्ये मी ज्या कंपनीत करारावर होतो तिथे एका शुक्रवारी दुपारी सांगितले की सोमवारपासून येऊ नका. नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहण्यासाठी व्हिसाने दिलेले साठ दिवस त्याच दिवसापासून मोजायला लागले. मुलीची शाळा, घराचा भाडेकरार, सगळे त्या साठ दिवसांत. तेव्हाही एक भला माणूस म्हणाला होता की करारात हे लिहिलेले होतेच. म्हणून कोणी ‘संपला’ म्हणाले की मला राग येतो, आणि त्याची मला लाज नाही.

आकडेमोड

आपल्यावर गुदरले त्याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही लाखो डॉलर कमावणारा चालक आणि साठ दिवसांची टांगती तलवार असलेला माणूस यांना एका तागडीत घालू नये. तसे करून आपण आपलेच दुःख लहान करता.

कॉनकॉर्डहून

मी एरवी फक्त वाचते, पण इथे लिहावे लागते आहे. आमच्या गल्लीत एक टायर कॅरिअर राहतो, म्हणजे पिटमध्ये टायर उचलून धावणारा. संघाचे नाव सांगत नाही. तुम्ही सर्व जण चालकांच्या करारांवर बोलत आहात. चालक बदलला की त्याच्यासोबत क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या पथकाचा प्रमुख, बदलतो, क्रू चीफ बदलला की त्याची माणसे बदलतात, आणि त्यांची कोणी घोषणा करत नाही. गेल्या डिसेंबरात तो घरामागच्या रस्त्यावर दोन टायर घेऊन धावण्याचा सराव करत होता. त्याची बायको दारात स्टॉपवॉच घेऊन उभी. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या संघाकडे चाचणी होती. मी विचारले की जुन्या संघाने का सोडले, तर म्हणाला, ‘‘गाडीचा प्रायोजक गेला.’’ त्याच्या वेगाबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

फर्निचर रो संघ २०१७ मध्ये मार्टिन ट्रूएक्स या चालकासह कप मालिकेचा विजेता झाला आणि २०१८ अखेर बंद पडला, कारण मोठा प्रायोजक निघून गेला. विजेत्या संघाची ही गत. ट्रूएक्स जो गिब्सच्या संघाकडे गेला, आणि त्याला जागा करून देण्यासाठी तिथून कोण बाहेर पडले? हाच सुआरेझ. तेव्हाही तो ‘संपला’ होता का?

आकडेमोड

२०१८ चा हा धागा माझ्या ध्यानात नव्हता. एका बंद पडलेल्या संघाची किंमत दुसऱ्या संघातील चालकाने मोजली, एवढे मी मान्य करतो. आनंदाने करत नाही. ‘कुवत तेवढीच’ हे शब्द मागे घेतो. ट्रॅकहाउसचा निर्णय चुकीचा होता, हे मात्र अजूनही मान्य नाही. रॉस चॅस्टेनचे उदाहरण पाहा. कलिंगडाच्या शेतकऱ्याचा मुलगा. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या प्रायोजक कंपनीवर एफबीआयचा छापा पडला आणि हाती आलेली गाडी गेली. तो कुठेही, कोणत्याही फुटकळ गाडीत चालवत राहिला आणि चार वर्षांत कप मालिकेत जिंकला.

कोल्हापूरचे चाक

चॅस्टेन परत आला म्हणून आपल्याला त्याचे नाव माहीत आहे. जे परत आले नाहीत त्यांची यादी तुम्ही कुठून आणणार?

चौथे वळण

डिसेंबर २०२५ मध्ये मायकल जॉर्डन आणि हॅमलिन यांचा २३एक्सआय संघ व फ्रंट रो संघ यांचा नॅसकारविरुद्धचा दावा तडजोडीने मिटला आणि चार्टर कायमचे झाले. संघमालकाला आता कायमची हमी आहे. ती असताना चालकाला आणि क्रूला दोन वर्षांची तरी द्यावी, ही मागणी मला रास्त वाटते. ‘आकडेमोड’ यांना जिभेवरून बोललो ते अनुचित होते. फिनिक्सबद्दलचे माझे मत कायम आहे.

आकडेमोड

दोन वर्षांच्या हमीला माझा विरोध नाही. पण मग झिलिशसारख्या पोराला आणखी दोन वर्षे खाली थांबावे लागेल, हेही सोबत लिहा.

शार्लटकर

लिहितो. थांबावे लागेल, आणि ते मला चालेल. माझ्या मुलीला चालणार नाही, कारण तिच्या खोलीत आता झिलिशच्या ८८ क्रमांकाच्या गाडीचे चित्र लागले आहे. १५ फेब्रुवारी २०२६ ला डेटोनाला एकाच खोलीत ती ८८ ला ओरडणार आणि मी ७ ला.