वडिलांच्या पाठदुखीच्या गोळ्या आठ महिने सुरूच आहेत. हे व्यसन आहे का, कसे ओळखावे?

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार. माझे वडील ६३ वर्षांचे आहेत आणि एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले आहेत. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी एकत्रित गोळी दिवसातून दोनदा, फक्त दहा दिवसांसाठी लिहून दिली होती. त्याला आता आठ महिने झाले, आणि आईच्या अंदाजाप्रमाणे ते दिवसाला आठ गोळ्या घेतात. विचारले की पाठ दुखते एवढेच सांगतात.

मागच्या आठवड्यात माहेरी गेले असता देवघराखालच्या कप्प्यात कापराच्या डब्यात मला पाकिटांचे कात्रीने कापलेले तुकडे सापडले. दोन-दोन, तीन-तीन गोळ्यांचे ते तुकडे होते आणि त्यांवर ना औषधाचे नाव होते, ना मुदतीची तारीख. सकाळी उठल्यावर त्यांना सारख्या जांभया येतात आणि नाक गळते. आई त्याला सर्दी समजून तुळशीचा काढा देते. ते आतल्या खोलीत जाऊन येतात आणि तासाभरात सर्दीही जाते व गप्पाही रंगतात. हे व्यसन म्हणायचे का? डबा फेकून द्यावा का? आणि त्यांना कोणाकडे न्यावे?

काउंटरमागचा

ताई, डबा फेकू नका, कारण पुढे डॉक्टरांना तोच दाखवावा लागेल.

मी बावीस वर्षे मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे. ट्रॅमाडॉल हे परिशिष्ट एच१ मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतले औषध आहे. १ मार्च २०१४ पासून अशा औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तीत डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. एप्रिल २०१८ मध्ये तर हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. असे असूनही कुठेतरी कात्री चालते, ही आमच्या व्यवसायाची लाज आहे.

काउंटरवरून ही माणसे ओळखू येतात. औषधाचे नाव न घेता ते ‘नेहमीचे द्या’ म्हणतात. चिठ्ठी म्हणून मोबाइलमधला सहा महिन्यांपूर्वीचा फोटो दाखवतात, बिल मागत नाहीत आणि दुकानात दुसरे गिऱ्हाईक असेल तर ते जाईपर्यंत बाहेर थांबतात. गोळ्या प्रवासात हरवल्याचे कारण तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ऐकताना मान वर करत नाही. तुमच्या वडिलांची किती दुकाने आहेत, ते आधी शोधा.

आता_बरा_आहे

मी स्वतः यातून गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे सगळ्यालाच ‘पेनकिलर’ म्हणतात. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दीर्घकाळ घेतल्यास जठर आणि मूत्रपिंड बिघडते, पण त्यांची अशी ओढ लागत नाही. ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळातल्या औषधांसारखे मेंदूवर काम करते, शिवाय मनःस्थितीशी संबंधित सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन यांच्यावरही त्याचा परिणाम होतो. म्हणूनच गोळी चुकली की शरीर कुरकुरते आणि मनही खचते. तुमच्या वडिलांची सकाळची ‘सर्दी’ ही बहुधा सर्दी नसावी. रात्रभर गोळी न मिळाल्याने जांभया येणे, नाक-डोळे गळणे, अंगावर काटा येणे, पाय स्वस्थ न राहणे, घाम आणि जुलाब होणे ही विथड्रॉवलची लक्षणे आहेत. गोळी सुरू असताना नेमके उलट होते, म्हणजे बद्धकोष्ठता होते. घरात इसबगोलाचा खप वाढला आहे का, ते पाहा.

मात्र एवढ्यावरून व्यसन ठरत नाही, आणि हे नीट समजून घ्या. कोणीही महिनोन्महिने असे औषध घेतले, तर शरीर त्याला सरावतेच. मानसोपचारतज्ज्ञ ज्या अकरा निकषांवर निदान करतात, त्यांतले वाढता डोस आणि विथड्रॉवल हे दोन, वैद्यकीय देखरेखीखाली नीट औषध घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मोजलेच जात नाहीत. खरी खूण गोळीभोवतीच्या वागण्यात असते. कमी करायचे ठरवूनही जमत नाही, गोळी मिळवण्यात दिवस जातो, आवडीच्या गोष्टी सुटतात, नुकसान दिसत असूनही घेणे थांबत नाही.

माझी खूण मला एका लग्नाला कोकणात जाताना कळली. बायको आहेराची पाकिटे मोजत होती आणि मी न्हाणीघरात कडी लावून गोळ्या मोजत होतो. चार दिवसांच्या बत्तीस हव्या होत्या, एकोणतीसच भरल्या. त्या तीन गोळ्यांसाठी मी घाट लागण्यापूर्वी गाडी दोन ठिकाणी थांबवली आणि बायकोला सांगितले की पाठ अवघडली आहे. पाठ त्या दिवशी अजिबात दुखत नव्हती. वडिलांना ‘किती घेता?’ असे विचारू नका, कारण तो आकडा खोटाच येतो. मी तर बायकोला निम्मा सांगत असे. ‘पाठ दुखत नसते, त्या दिवशीही घ्यावीशी वाटते का?’ असे विचारा.

वॉर्डातली_ताई

मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे. वरील प्रतिसादात एक अत्यंत आवश्यक भर घालते. गोळी एकदम बंद करू नका आणि लपवूनही ठेवू नका. दिवसाला आठ गोळ्या म्हणजे ३०० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल होते. प्रौढांसाठी सर्वसाधारण कमाल मर्यादा ४०० आहे आणि उतारवयात त्याहून कमी धरतात. डोस वाढला की फिट येण्याचा धोका वाढतो, आणि सोबत नैराश्याची काही औषधे चालू असतील तर तो आणखी वाढतो. मणक्याच्या रुग्णांना बहुधा प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचे औषधही दिलेले असते. त्याने, झोपेच्या गोळीने किंवा दारूने गुंगी वाढून श्वास मंदावू शकतो. हाक मारूनही माणूस जागा होत नसेल, श्वास अगदी संथ झाला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो आणि त्याचा आराखडा डॉक्टरच ठरवतात. काहींना ब्युप्रेनॉर्फिन हे ओढ आणि विथड्रॉवल आवरणारे औषध द्यावे लागते, तेही देखरेखीखालीच. पाठ खरोखर दुखत असेल तर त्या दुखण्याचा उपचार सोबत चालवावा लागतो, नाहीतर सगळे मुसळ केरात.

टाटाजवळचा

धागा वाचून कोणी घाबरू नये, म्हणून लिहितो. माझ्या आईला कर्करोगाच्या शेवटच्या महिन्यांत मॉर्फीन दिले होते. ‘सवय लागेल’ या भीतीने आम्ही पहिले दोन आठवडे तिला डोस अर्धाच दिला आणि तिचे हाल केले. ती चूक कोणी करू नये.

वॉर्डातली_ताई

अगदी योग्य. त्या परिस्थितीला वरचे काहीही लागू करू नये.

कुठे न्यावे, याबद्दल: जिल्हा रुग्णालयातील किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभाग ही पहिली पायरी. ‘मानसोपचार’ शब्दाने वडील बिथरतील असे वाटत असेल तर आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना गाठून त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे केंद्र आहे. मात्र दाखल व्हावे लागेल की नाही, हे तपासणीनंतरच ठरते.

कृष्णाकाठची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल आई पाणी भरायला गेली असताना मी तोच प्रश्न विचारला. आप्पा बराच वेळ गप्प बसले, मग स्वतः उठून कापराचा डबा घेऊन आले. त्याशिवाय जुन्या गणवेशाच्या खिशातून आणखी दोन तुकडे काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. दुकाने एक-दोन नव्हती, पाच होती. ‘डॉक्टरांना सांग, पण तुझ्या आईला आकडा सांगू नकोस,’ एवढीच अट घातली. मंगळवारची वेळ मिळाली आहे. तोपर्यंत गोळ्या आईने मोजून द्याव्यात की त्यांच्याकडेच राहू द्याव्यात?

वॉर्डातली_ताई

मंगळवारपर्यंत आजवरचाच डोस चालू ठेवा. आप्पांना विचारून, त्यांची तयारी असेल तर मोजून द्या, पण आईने नव्हे, तुम्ही. आईला आकडा न सांगण्याचा आप्पांना दिलेला शब्द मोडायला नको. कापलेले तुकडे, मूळ चिठ्ठी आणि इतर सर्व औषधे एका पिशवीत घालून बरोबर न्या. पॅरासिटामॉलही इतके महिने पोटात गेले आहे, तेव्हा यकृताची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा.