मदत हवी आहे : घरच्या माइनक्राफ्ट सर्व्हरसाठी राउटरचे पोर्ट उघडावे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. दहावीची परीक्षा आटोपल्यापासून आमच्या चिरंजीवांनी घरातल्या जुन्या संगणकावर माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर मांडला आहे. पुण्याची मावसभावंडे आणि कारेलीबागेतले दोन मित्र यांना त्यावर खेळता यावे, म्हणून राउटरचे २५५६५ क्रमांकाचे पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडणीचे क्रमांक दिलेले दार) त्या संगणकाकडे वळवून द्या, असा त्यांचा आग्रह आहे. आतापर्यंत इंटरनेट सेवा देणाऱ्याने आम्हाला सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच इंटरनेट पत्ता वाटून देणाऱ्या आणि बाहेरून थेट जोडणी येऊ न देणाऱ्या व्यवस्थेच्या, मागे ठेवले असल्यामुळे हा प्रश्नच उद्भवला नव्हता. सौ.च्या कामासाठी नुकताच स्थिर आयपी (न बदलणारा स्वतःचा इंटरनेट पत्ता) घेतला आणि ती आडकाठी गेली.

सौ.च्या लॅपटॉपवर काही दुकानांचे जीएसटीचे हिशेब असतात. वडिलांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे असलेली हार्ड डिस्क घरच्या नेटवर्कवर सर्वांना खुली आहे, आणि हे सगळे एकाच राउटरवर चालते.

मला कळते त्याप्रमाणे पोर्ट वळवले म्हणून सगळे घर उघडे पडत नाही. त्या क्रमांकावर आलेली जोडणी राउटर त्या एकाच संगणकाकडे पाठवतो, आणि तिथे ती स्वीकारणारा प्रोग्राम किती भक्कम आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते. मात्र तोच कोणी ताब्यात घेतला, तर तिथून घरातल्या इतर उपकरणांकडे जाताना राउटर सहसा अडवत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या लॉगफोरजेच्या (जावा प्रोग्रामच्या नोंदी, म्हणजे लॉग, ठेवणाऱ्या घटकाच्या) त्रुटीत चॅटमध्ये विशिष्ट मजकूर टाकला, की तो लॉगमध्ये नोंदवता नोंदवता सर्व्हर परक्याचा कोड चालवू शकत असे. माइनक्राफ्टच्या १.१८.१ या आवृत्तीत ती त्रुटी दुरुस्त झाली, पण चिरंजीव एका मॉडपॅकपायी (खेळात भर घालणाऱ्या मॉडच्या संचापायी) १.१२.२ वरच अडून बसले आहेत. ‘पत्ता कोणाला सांगितलाच नाही तर येणार कोण?’ हा त्यांचा युक्तिवादही मला पटत नाही, कारण शोडानसारख्या शोधयंत्रणा इंटरनेटवरचे पत्ते आपणहून चाळत असतात.

व्हाइटलिस्ट (ठरलेल्या खेळाडूंनाच प्रवेश) आणि ऑनलाइन-मोड (खेळाडूच्या खात्याची पडताळणी) चालू आहेत, आरकॉन (दुरून सर्व्हरला आज्ञा देण्याची सोय) बंद आहे, राउटरचे यूपीएनपीही (प्रोग्रामांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद केले आहे. एवढ्यावर पोर्ट उघडणे शहाणपणाचे ठरेल का? जुन्या आवृत्तीचे काय करावे? आणि सर्व्हर गेस्ट नेटवर्कवर (राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर) हलवला, तर हिशेबाचा लॅपटॉप खरोखर वेगळा राहतो का?

प्रतिसाद

नमस्कार. खेळणारी मुले मोजकी आणि ओळखीची आहेत, तेव्हा पोर्ट उघडूच नका, असे माझे स्पष्ट मत आहे. टेलस्केल किंवा झीरोटियर (दूरचे संगणक खासगी नेटवर्कमध्ये जोडणारे प्रोग्राम) सर्व्हरवर आणि प्रत्येक मुलाच्या संगणकावर बसवा; राउटरला हात न लावता खेळ सुरू होईल आणि २५५६५ बाहेरच्यांना दिसणारही नाही. टेलस्केलमध्ये मुलांना फक्त सर्व्हरचा संगणक शेअर करता येतो, तेवढाच करा. त्याऐवजी वायरगार्ड हे खासगी नेटवर्क स्वतःच चालवायचे असेल, तर एक यूडीपी प्रकारचे पोर्ट उघडावे लागते, पण अनोळखी पाकिटांना ते उत्तरच देत नाही.

१.१२.२ सोडायची नसेल, तर माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने १.१२ ते १.१६.५ या आवृत्त्यांसाठी दिलेली लॉगची एक्सएमएल फाइल सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवून सुरू करण्याच्या आज्ञेत तिचा उल्लेख करावा लागतो. लॉगफोरजेची ही त्रुटी खेळणाऱ्याच्या बाजूलाही होती. अधिकृत लाँचर (खेळ सुरू करणारा प्रोग्राम) दुरुस्ती आपोआप उतरवतो, इतर लाँचरांची खात्री देता येत नाही, म्हणून पुण्याच्या मुलांनाही विचारा. खरे तर मला पोर्टइतकीच मॉडची काळजी वाटते : जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज या मॉड मिळण्याच्या संकेतस्थळावरच्या काही मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा घातक कोड सापडला होता, आणि अशा मॉडला व्हाइटलिस्ट रोखू शकत नाही. त्यामुळे सर्व्हर प्रशासक खात्यावरून न चालवता साध्या वेगळ्या खात्यावरून चालवा.

गेस्ट नेटवर्कचे म्हणाल, तर पुष्कळ घरगुती राउटरांत ते फक्त वाय-फायपुरते असते. तारेने जोडलेला संगणक मुख्य नेटवर्कवरच राहतो. सर्व्हर हलवल्यावर त्याच संगणकावरून वडिलांची हार्ड डिस्क उघडून पाहा. उघडली, तर वेगळेपण नावापुरतेच आहे असे समजा, आणि डिस्क सर्वांना खुली न ठेवता तिला आजच पासवर्ड लावा.