मिरामारचा फेरफटका आणि अमेरिकेची मतमोजणी : दोन्ही कसे सांभाळावे?

मांडवीकाठ, पणजी (३ नोव्हेंबर २०२४)

पाऊस परतला आहे, पहाटेच्या हवेत किंचित गारवा आला आहे आणि गोव्यात बाहेर हिंडण्याफिरण्याचे जे तीन-चार महिने म्हणायचे, ते आता कुठे सुरू होत आहेत. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे आम्ही पाच जण रोज पहाटे पावणेसहाला मिरामारला जमतो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या समाधीपासून वाळूवरून करंझाळेच्या दिशेने चालत जातो आणि परतल्यावर सुरूच्या झाडांखालच्या बाकावर थर्मासमधला चहा घेतो.

सप्टेंबरपासून त्या बाकावर अमेरिका येऊन बसली आहे. फिलाडेल्फियात १० सप्टेंबरला ट्रम्प आणि हॅरिस यांची वादचर्चा झाली, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. आमच्यातील एक गृहस्थ ती मोबाईलवर बघत बघतच चालत होते. दुसऱ्यांनी त्यावर काही शेरा मारला, शब्दाला शब्द वाढला आणि तेव्हापासून ते दोघे पन्नास पावलांचे अंतर ठेवून चालतात. वास्तविक तिकडे आम्हा पाचांपैकी एकाचेही मत नाही!

माझी स्थितीही फारशी वेगळी नाही. मुलगा पेनसिल्व्हेनियात असतो, तिथला नागरिक आहे आणि त्याने मतदानही केले आहे. त्यामुळे तिथला प्रत्येक अंदाज मी दिवसातून दहादा बघतो. गेल्या रविवारी नातीला घेऊन चोडणच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. होडीवाल्याने वल्हे थांबवून खारफुटीच्या फांदीवर बसलेला खंड्या दाखवला, पण मी मान वर करेपर्यंत तो उडून गेला होता. "आजोबा, तुम्ही फोनमध्ये होता," असे नात म्हणाली.

बुधवारी निकाल सुरू होतील. नेमके कधी आणि किती बघावे? आणि बाकाचे काय करावे?

करमळीचे तळे यांचे उत्तर

काका, पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे घड्याळात आहे. अमेरिकेचा पूर्व किनारा सध्या आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तिथले पहिले मतदान आपल्या वेळेनुसार बुधवारी पहाटे साडेचारला संपेल, जॉर्जियाचे साडेपाचला, आपल्या चिरंजीवांच्या पेनसिल्व्हेनियाचे साडेसहाला आणि कॅलिफोर्नियाचे तर साडेनऊला. म्हणजे आपण वाळूवर असताना ज्या राज्यांकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत, त्यांची मोजणी जेमतेम सुरू झालेली असेल. त्या तासाभरात फोन पाहून हाती काहीही लागणार नाही.

दुसरे असे की आपल्याला ४ जूनसारख्या मोजणीची सवय आहे. सकाळी आठला मोजणी सुरू होते, फेऱ्यांमागून फेऱ्या जाहीर होतात आणि दुपारपर्यंत चित्र स्पष्ट होते. तिकडे मतमोजणी करणारा आपल्यासारखा एक निवडणूक आयोग नाही. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, काम जिल्हावार चालते आणि त्या रात्री 'अमुक जिंकले' असे म्हणतात त्या वृत्तसंस्था आणि वाहिन्या. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार टपाली मतांची पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळी सातपूर्वी उघडता येत नाहीत. याच कारणाने २०२० मध्ये तिथे ट्रम्प पहिल्या रात्री काही लाखांनी पुढे दिसत होते. पुढे टपाली मते मोजली गेली आणि बायडन सुमारे ८० हजारांनी जिंकले. मतदान मंगळवारी, ३ नोव्हेंबरला झाले आणि निकाल कळायला शनिवार उजाडला. मधले चार दिवस लोक नकाशाकडे टक लावून बसले होते. मीही त्यातच होतो आणि त्या आठवड्यात तळ्यावर एकदाही गेलो नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर; अशा एकूण ५३८ मतांपैकी २७० मिळवणारा जिंकतो. मेन आणि नेब्रास्का सोडल्यास राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळी मते मिळतात. म्हणून देशभरातील मतांची बेरीज बघण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मते जास्त होती, तरी त्या हरल्या. (त्या वर्षी तिकडे मतदान सुरू असतानाच इकडे रात्री आठला नोटाबंदी जाहीर झाली, त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांना अमेरिकेचा निकाल नोटांच्या गडबडीतच कळला.) पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा एवढीच सात अटीतटीची राज्ये लक्षात ठेवा. दुपारच्या जेवणाआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघितले तरी पुष्कळ झाले.

खाजनबांध

बाकाविषयी मी लिहितो. आपण ज्या समाधीपासून चालायला सुरुवात करता, त्या भाऊसाहेबांच्या काळातला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल मी अकरा वर्षांचा असताना पाहिला आहे. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असेल तर फूल आणि केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पाने. घरोघरी भिंती उभ्या राहिल्या होत्या. माझे वडील कट्टर फूलवाले आणि सख्खे मामा दोन पानांचे. डिसेंबरपासून दोघांचे बोलणे बंद झाले आणि आई मधल्या मध्ये निरोप्याचे काम करू लागली.

परंतु रात्री ओहोटी लागली की दोघेही मानशीवर, म्हणजे खाजनाच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) पाणी सोडायच्या दारांवर, गरी घालायला जात. भरतीच्या पाण्याने मानशीची दारे बाहेरून दाबून बंद होतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. तेव्हा खाजनातले पाणी धो धो बाहेर पडते आणि त्याबरोबर मासेही येतात. त्यासाठी शेजारी बसण्यावाचून गत्यंतर नसे, कारण जागाच तेवढी होती. वडील बोलत नसत आणि मामाही बोलत नसत. आमिषाच्या सुंगटांचा (कोळंबीचा) डबा मात्र एकच होता. तो दोघांच्या मध्ये ठेवलेला असे आणि ज्याचे आमिष संपेल तो मुकाट्याने हात घाली. मी कंदील धरून उभा असे.

कौलात दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. वडील आठवडाभर जेवणाच्या पाटावरही गप्प होते. पुढे मार्चमधल्या निवडणुकीत गोव्याने विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेबांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले, तेव्हा मामांनी प्रथमच तोंड उघडले, तेही "गरी अडकली आहे, जरा ओढ" एवढेच म्हणायला.

आपल्या दोन मित्रांना समजवायला जाऊ नका. चालणे तेवढे मोडू देऊ नका.

अबोली

वरील आठवण सुरेख आहे, परंतु मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मोकळ्या हवेत गेले की राजकारण मागे राहते, असा सूर दोन्ही उत्तरांत आहे आणि तो मला पटत नाही. अमेरिकेने पॅरिस हवामान करारातून माघार घेतली, ती अमलात आली ४ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी. बायडन आल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये तो देश पुन्हा करारात आला. खाजनबांध यांच्या मानशीची दारे भरतीच्या पाण्यावर चालतात. समुद्राची पातळी वाढत गेली, तर त्या बांधांचे आणि त्यामागच्या खारट शेतांचे काय होईल, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तेव्हा काकांनी निकाल जरूर पाहावा आणि मन लावून पाहावा. फक्त होडीत बसलेले असताना पाहू नये, एवढेच. नातीची तक्रार रास्त आहे.

मांडवीकाठ, पणजी (७ नोव्हेंबर)

सर्वांचे आभार. बुधवारी पहाटे फोन घरीच ठेवून निघालो. परतताना दोनदा उगाचच खिसा चाचपला. अकरानंतर मात्र मला राहवले नाही. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेलो आणि धक्क्याजवळ बसलो. ओहोटीच्या चिखलात निवटे मासे सरपटत होते. एक दुसऱ्याच्या हद्दीत शिरला की पाठीवरचा पंख ताठ करून अंगावर जाई आणि लगेच दोघेही आपापल्या बिळाशी परतत. एकच्या सुमारास मुलाचा फोन आला. पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांना गेले होते आणि त्याच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तो फार काही बोलला नाही. "बाबा, तिथे पाण्याचा आवाज येतोय का?" असे विचारून त्याने थोडा वेळ फोन तसाच कानाशी धरला. चारच्या सुमारास विस्कॉन्सिन जाहीर झाले आणि ट्रम्प यांचा आकडा २७७ वर गेला, तेव्हा मी घरी होतो.

अबोली यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि तेथे बसलो असताना ते मनातून जातही नव्हते.

आज बाकावर चौघेच होतो. हॅरिसवाले आले नाहीत. ट्रम्पवाल्यांनी चहा ओतताना पेले पाचच मांडले आणि पाचवा कोणीही उचलला नाही.